आजीच्या मागे चालणारे कुटुंब

सदर : निसर्गाच्या शाळेत



या सदरातून आपण आजवर बहुतेक वेळा बांधावरचे, गोठ्यातले आणि विहिरीच्या आसपासचे जीव पाहिले. आज जरा लांबचा पल्ला गाठू. काही शाळकरी वाचकांनी पत्रातून विचारले आहे की, देवमाशालाही मारून खाणारा एक प्राणी समुद्रात असतो म्हणतात, तो कोणता आणि तो माणसाला खातो काय?

त्या प्राण्याला इंग्रजीत ‘किलर व्हेल’ म्हणतात. किलर म्हणजे मारेकरी. शास्त्रज्ञ आणि खलाशी त्याला ‘ऑर्का’ असेही म्हणतात. आपण हेच छोटे नाव घेऊ. मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे घरात कोणी घाबरायला नको. मोकळ्या समुद्रात ऑर्काने माणसाला ठार मारल्याची एकही खात्रीची नोंद नाही. तलावात कोंडून खेळ करायला लावलेल्या ऑर्कांनी मात्र माणसे मारली आहेत. दावणीला बांधून छळलेला बैल आणि रानात चरणारा बैल यांच्या स्वभावातला फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

मासा नव्हे, दूध पाजणारा प्राणी

ऑर्काला मारेकरी देवमासा म्हटले, तरी नात्याने तो डॉल्फिनच्या कुळातला. त्या कुळातला हा सर्वांत मोठा. अंगाने काळाभोर, पोट पांढरे, डोळ्यामागे पांढरा लांबट ठिपका आणि पाठीवर उभा पर. मोठ्या नराचा हा पर सहा फुटांपर्यंत उंच होतो, म्हणजे धिप्पाड माणसाच्या उंचीचा. नर २० ते २६ फूट लांब असतो व त्याचे वजन पाच-सहा टनांपर्यंत जाते. आपली खिलारी बैलांची दहा-बारा जनावरे एका पारड्यात घातली, तर दुसऱ्या पारड्यात एक नर बसेल. मादी त्याहून लहान, तीन-चार टनांची.

मासा कल्ल्यांनी पाण्यात श्वास घेतो. ऑर्काला आपल्यासारखी फुप्फुसे आहेत. त्यामुळे श्वासासाठी त्याला दर थोड्या वेळाने वर यावेच लागते. तो पिल्लांना जन्म देतो आणि दूध पाजतो. गाय नऊ महिने नऊ दिवसांची, म्हैस दहा महिने दहा दिवसांची, हे आपल्या घरातले लहान पोरही सांगते. ऑर्काची मादी सुमारे सतरा महिने गाभण राहते. पिल्लू एका वेळी एकच. जन्मतःच ते सात-आठ फूट लांब आणि दीडशे-दोनशे किलो वजनाचे असते. आईचे दूध म्हशीच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असते, कारण थंड पाण्यात पिल्लाच्या अंगावर चरबी लवकर चढावी लागते. दोन वेतांत बहुधा पाच वर्षांचे अंतर पडते. म्हणजे एक मादी आयुष्यात मोजून चार-सहा पिल्ले वाढवते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

शिकारीच्या तऱ्हा

ऑर्का सर्व महासागरांत आहे. आपल्या शेजारच्या श्रीलंकेच्या पाण्यातही तो दिसतो. पण जेथे जेथे तो आहे, तेथे तेथे त्याची शिकारीची रीत निराळी. जसे आपल्याकडे कोकणात भात, देशावर ज्वारी आणि खानदेशात कळण्याची भाकरी, तसेच काहीसे.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर ऑर्का हेरिंग नावाच्या लहान माशांवर जगतात. चार-सहा जण मिळून माशांच्या थव्याभोवती गोल फिरतात, पोटाचा पांढरा भाग दाखवून त्यांना बिचकवतात आणि थवा एका गोळ्यात आवळत नेतात. मग एक जण शेपटीचा जोरदार तडाखा देतो. त्या धक्क्याने बधिर झालेले मासे एकेक करून खाल्ले जातात. मेंढरे वाड्यात कोंडावीत तसा हा प्रकार.

दक्षिण ध्रुवाकडे बर्फाच्या तुकड्यावर सील नावाचा प्राणी ऊन खात पडलेला असतो. ऑर्का तोंड वर काढून पाहून घेतात, थोडे मागे जातात आणि तिघे-चौघे एका रांगेत, खांद्याला खांदा लावून वेगाने बर्फाकडे पोहत येतात. त्यांच्या पोहण्याने मोठी लाट उठते आणि सील बर्फावरून पाण्यात धुऊन निघतो. एकट्याने हे जमत नाही. रांगेत एकाचे पाऊल मागेपुढे झाले की लाट फसते.

अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर तर ऑर्का चक्क किनाऱ्यावर चढून येतात. तेथे समुद्रसिंहांची पिल्ले पाण्याच्या कडेला खेळत असतात. ऑर्का लाटेवर बसून वाळूवर येतो, पिल्लू धरतो आणि अंग हलवीत पुन्हा पाण्यात सरकतो. जरा चुकले तर कोरड्यावर अडकून मरण. म्हणून ही कला शिकायला लहानग्यांना वर्षे लागतात. मोठी माणसे, म्हणजे मोठे ऑर्का, त्यांच्या बरोबर राहून सराव करवून घेतात.

दक्षिण आफ्रिकेच्या पाण्यात दोन नर ऑर्का आहेत. त्यांनी २०१७ पासून मोठ्या पांढऱ्या शार्कना मारून त्यांचे फक्त काळीज काढून खाण्याचा सपाटा लावला. शार्कच्या काळजात तेल भरपूर असते. त्यांच्या भीतीने त्या भागातील कित्येक शार्क आपले ठिकाण सोडून गेले. आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला २०१९ मध्ये ऑर्कांच्या टोळीने निळा देवमासा मारल्याचे माणसांनी प्रत्यक्ष पाहिले. निळा देवमासा हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. ‘मारेकरी’ हे नाव उगीच पडलेले नाही.

या साऱ्यात लक्षात घेण्याजोगी बाब ही की, एका ठिकाणच्या ऑर्काला दुसऱ्या ठिकाणची विद्या येत नाही. ही विद्या रक्तातून येत नाही. आई-आजीकडून पाहून येते.

एकच समुद्र, दोन चुली

आता आपण एकाच ठिकाणी थांबू. अमेरिकेचा वॉशिंग्टन प्रांत आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांच्या दरम्यान समुद्राचा एक फाटा आत शिरला आहे. त्याला सेलिश समुद्र म्हणतात. सिअॅटल शहर याच पाण्याच्या काठी आहे, जेथे हल्ली आपल्याकडील बरीच शिकलेली मुले नोकरीस असतात. येथील ऑर्कांचा जितका बारकाईने अभ्यास झाला आहे, तितका क्वचितच कोठल्या रानटी जनावराचा झाला असेल.

मायकेल बिग नावाचे एक कॅनडाचे शास्त्रज्ञ होते. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या ध्यानात आले की, पाठीवरील पराच्या खाचा आणि त्यामागचा करडा डाग यांवरून प्रत्येक ऑर्का ओळखता येतो. गुराखी शिंगावरून आणि ठिपक्यांवरून शंभर गुरांतले आपले गुरू ओळखतो, तीच ही रीत. बिग यांनी छायाचित्रे काढून एकेकाची नोंद ठेवली. तोपर्यंत लोकांचा समज होता की ऑर्का हजारोंनी आहेत. मोजणीत ते काहीशेच भरले.

आणखी एक गोष्ट उघड झाली. या पाण्यात दोन प्रकारचे ऑर्का राहतात. एक प्रकार फक्त मासे खातो. दुसरा सील, समुद्रसिंह, शिंशुक अशी दूध पिणारी जनावरे खातो व माशाला तोंड लावत नाही. दोघे एकमेकांच्या जवळून जातात, पण मिसळत नाहीत, सोयरीक करीत नाहीत आणि त्यांची बोलीही वेगळी. २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी तर या दोघांना वेगवेगळ्या जाती मानावे असे सुचविले.

सवय किती खोल असते याचा एक दाखला देतो. मार्च १९७० मध्ये कॅनडातील पेडर उपसागरात पाच ऑर्का जाळ्यात पकडले. त्यांतले दोन एका मत्स्यालयाला गेले, तिघे तेथेच जाळ्यात राहिले. धरणाऱ्यांनी त्यांच्यापुढे ताजे मासे टाकले. तिघे शिवेनात. दिवसामागून दिवस गेले, अंगावरची हाडे दिसू लागली. सुमारे ७५ दिवसांनी त्यांतली एक मादी उपासाने मेली. तेव्हा कोठे उरलेल्या दोघांनी मासा तोंडात घेतला. पुढे कोणीतरी जाळे खाली दाबून त्यांना सोडून दिले. मोकळ्या पाण्यात गेल्यावर त्यांनी मासे सोडले व पुन्हा सीलच धरू लागले. ते सील खाणाऱ्या घराण्यातले होते हे त्यांना पकडणाऱ्यांना ठाऊकच नव्हते.

मासे खाणाऱ्यांच्या दक्षिणेकडील टोळीची गत याच्या उलट आहे. तिच्यात जे, के आणि एल अशा अक्षरांनी ओळखली जाणारी तीन मोठी कुटुंबे आहेत. त्यांचे मुख्य अन्न सॅमन मासा, आणि सॅमनमध्येही चिनूक नावाचा सर्वांत मोठा व तेलकट प्रकार. (मुंबईच्या बाजारात रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण तो मासा वेगळा.) ऑर्का तोंडाने नव्हे, तर डोक्यातून टिकटिक असा आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा हेरतो. गढूळ, अंधाऱ्या पाण्यातही चिनूक कोणता आणि दुसरा सॅमन कोणता हे त्याला कळते. एका मोठ्या ऑर्काला दिवसाला असे सुमारे अठरा ते पंचवीस मासे लागतात.

आजीचा मान

या टोळीत सासर नावाची गोष्टच नाही. मुलगी आईजवळ राहते आणि मुलगाही आईजवळच राहतो, जन्मभर. दुसऱ्या कुटुंबाशी गाठ पडली की नरमादी जुळतात, पण नंतर नर आपल्या आईच्या बाजूला परत. वीस-पंचवीस वर्षांचा सहा टनी बाप्या आईच्या मागेमागे पोहतो आणि आई मासा पकडून अर्धा तोडून त्याच्यापुढे करते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, असा एक वाढलेला मुलगा पोसताना आईची पुढचे पिल्लू वाढविण्याची शक्यता दरसाल जवळजवळ निम्म्याने घटते. लाडका लेक महाग पडतो, हे तेथेही खरे आहे म्हणायचे.

उलट बाजूही पाहा. २०१२ मधील एका अभ्यासात आढळले की, तिशी ओलांडलेल्या नराची आई वारली, तर पुढील वर्षभरात त्याच्या मरणाची शक्यता सुमारे चौदा पटींनी वाढते.

मादी चाळिशीच्या सुमारास विण्याची थांबते. पण ती मरत नाही. त्यानंतरही कित्येक वर्षे, काही माद्या साठी-सत्तरीपलीकडे जगतात. जनावरांच्या दुनियेत ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. आपण ज्या गाई-म्हशी पाळतो, त्या अंगात बळ आहे तोवर वितात. विणे थांबल्यावर दीर्घकाळ जगणे हे माणसात आणि दातवाल्या देवमाशांच्या मोजक्या जातींत प्रामुख्याने दिसते. मग निसर्गाने या म्हाताऱ्यांना राखले कशासाठी?

अनेक वर्षांच्या नोंदी व चित्रीकरण तपासून इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ मध्ये याचे एक उत्तर दिले. कुटुंब माशांच्या शोधात निघाले की बहुधा विणे थांबलेली मादी पुढे असते. आणि ज्या वर्षी सॅमन कमी, त्या वर्षी तर ती अधिकच पुढे असते. सुबत्तेच्या वर्षी कोणीही वाट दाखवील. दुष्काळात मात्र कोठल्या नदीच्या मुखाशी, कोणत्या महिन्यात, भरतीच्या कोणत्या वेळी मासा येतो, हे ज्याने पूर्वीचे दुष्काळ पाहिले आहेत त्यालाच ठाऊक.

२०१७ मध्ये दुसरी बाजू पुढे आली. आई आणि मुलगी एकाच काळात व्याल्या तर आईच्या पिल्लाच्या मरणाची शक्यता मुलीच्या पिल्लापेक्षा सुमारे पावणेदोन पट असते. तेव्हा आजीने थांबणे हेच घराच्या हिताचे. २०१९ मध्ये असेही दिसले की, आजी वारल्यानंतरच्या दोन वर्षांत नातवंडांच्या मरणाचे प्रमाण साडेचार पट होते. ज्या वर्षी सॅमन कमी, त्या वर्षी आजीची उणीव अधिक भासते.

जे कुटुंबाची पुढारीण अशीच एक म्हातारी होती. लोक तिला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीच म्हणत. तिचे वय शंभरावर गेले असे बराच काळ मानले जाई. पुढे काही शास्त्रज्ञांनी ते बरेच कमी असावे असे दाखविले. वय काहीही असो, १९७० नंतरच्या पहिल्या नोंदींपासून ती टोळीच्या पुढे दिसत असे. २०१६ च्या शरद ऋतूनंतर ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

माणूस आडवा आला

एकेकाळी कोळी लोकांना ऑर्का म्हणजे आपल्या तोंडचा मासा पळविणारा चोर वाटे. दिसला की बंदूक झाडीत. १९६१ मध्ये कॅनडाच्या मत्स्य खात्याने एका अरुंद खाडीवर चक्क मशीनगन बसविली होती. सुदैवाने ती चालवली गेली नाही.

१९६४ मध्ये व्हँकूव्हरच्या मत्स्यालयाला एक पुतळा करायचा होता, म्हणून नमुन्यासाठी एका तरुण ऑर्काला भाल्याने टिपले. तो मेला नाही. त्याला बंदरात आणून ठेवले. लोकांना वाटले होते हा अंगावर येईल. तो गरीब गाईसारखा निघाला. सुमारे तीन महिने जगला आणि मेला. पण तेवढ्यात लोकांची भीती गेली आणि तिच्या जागी हौस आली. हौस भीतीपेक्षा महाग पडली. मत्स्यालये पैसे मोजू लागली व ऑर्का पकडण्याचा धंदाच सुरू झाला.

८ ऑगस्ट १९७० रोजी वॉशिंग्टनमधील पेन कोव्ह येथे बोटी, विमान आणि स्फोटके यांच्या जोरावर ऐंशीवर ऑर्का एका जागी कोंडले. पिल्ले पकडायला सोपी, म्हणून तीच निवडली. सात पिल्ले नेली. आया जाळ्याबाहेर ओरडत राहिल्या, हे काठावरच्या माणसांनी ऐकले. काही ऑर्का जाळ्यात गुरफटून बुडून मेले. ते लपविण्यासाठी त्यांची पोटे चिरून, दगड भरून पाण्यात सोडले. पुढे काही महिन्यांनी ते किनाऱ्याला लागले आणि प्रकरण उघडकीस आले. त्या दिवशी पकडलेल्यांपैकी एक मादी फ्लोरिडातील तलावात पन्नासवर वर्षे काढून ऑगस्ट २०२३ मध्ये मेली.

१९७६ पर्यंत हा धंदा त्या प्रांतात बंद झाला. पण तोवर दक्षिणेकडील टोळीतील सुमारे पंचेचाळीस-पन्नास जीव गेले होते, आणि त्यांत बहुतेक लहान. दोन वेतांत पाच वर्षांचे अंतर असते, हे वर सांगितले ते येथे आठवावे. गोठ्यातल्या साऱ्या कालवडी एका वर्षी विकल्या, तर दहा वर्षांनी दूध कोठून येणार? टोळी पुढे वाढून १९९५ मध्ये ९८ पर्यंत गेली, आणि मग पुन्हा घसरली. २००१ मध्ये कॅनडाने आणि २००५ मध्ये अमेरिकेने तिला संकटात सापडलेली म्हणून जाहीर केले. गेल्या काही वर्षांच्या मोजणीत ती ७३ ते ७५ च्या आसपास आहे.

सतरा दिवस

२४ जुलै २०१८ रोजी जे कुटुंबातील एका मादीला पिल्लू झाले. शास्त्रज्ञांच्या वहीत तिचा क्रमांक जे-३५, लोकांत तिचे नाव ताहलेक्वा. पिल्लू सुमारे अर्धा तास जगले. मेलेले पिल्लू पाण्यात बुडू लागले की ती बुडी मारून त्याला पुन्हा डोक्यावर घेई. असे तिने सतरा दिवस केले. तेवढ्या काळात ती सुमारे १,६०० किलोमीटर पोहली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिची छायाचित्रे छापली.

२०२० मध्ये तिला मुलगा झाला, तो वाढला. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा एक मुलगी झाली. तीही वर्ष संपता संपता मेली, आणि जानेवारी २०२५ चा पहिला आठवडा उलटून गेला तरी ताहलेक्वा तिला वागवीत होती.

जनावराला दुःख होते की नाही यावर शास्त्रज्ञ जपून बोलतात. ज्यांनी वासरू मेल्यावर हंबरणारी गाय पाहिली आहे, त्यांना मी वेगळे काय सांगणार? पण पिल्ले मरतात का, हा प्रश्न शास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर बरेचसे मिळाले आहे. २००८ ते २०१४ या काळात संशोधकांनी पाण्यावर तरंगणारी ऑर्काची विष्ठा गोळा करून तपासली. (वासावरून ती शोधायला त्यांनी शिकवलेला कुत्रा बोटीवर ठेवला होता.) त्यातून कळले की, दर तीन गाभण माद्यांपैकी सुमारे दोघींचा गर्भ टिकत नव्हता किंवा पिल्लू लगेच मरत होते. कारणांत पहिले कारण म्हणजे पोटाला कमी. गाभण जनावराला खुराक कमी पडला तर काय होते हे आपल्याला सांगायला नको.

नदी, धरण आणि मासा

चिनूक सॅमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत वर चढतो. विसाव्या शतकात त्या मुलखात नद्यांवर धरणे झाली, जंगले तुटली, काठ बांधले गेले, मासेमारीही वाढली. मासा घटला, त्याचा आकारही लहान झाला. आपल्याकडे गंगेवर १९७५ मध्ये फरक्का बंधारा चालू झाल्यावर हिल्सा माशाचे वरच्या भागात येणे असेच तुटले.

मी शेतीखात्याचा माणूस. धरण म्हणजे पाप, असे मी म्हणणार नाही. पाण्याशिवाय आपले काय झाले असते हे आपण जाणतो. तिकडेही वाद सरळ नाही. स्नेक नदीच्या खालच्या भागात १९६२ ते १९७५ या काळात झालेली चार धरणे आहेत. त्यांच्यामुळे नदीतून तराफ्यांवर गहू बंदरापर्यंत स्वस्तात जातो आणि वीजही मिळते. ती पाडावीत असे सॅमनवर जगणारे मूळ रहिवासी व निसर्गप्रेमी म्हणतात. तेथील गहू पिकविणारे शेतकरी म्हणतात, आमच्या मालाचे काय? २०२३ च्या अखेरीस अमेरिकन सरकारने मूळ रहिवाशांशी माशांच्या भल्यासाठी एक करार केला होता. जून २०२५ मध्ये सरकारनेच त्यातून अंग काढून घेतले. वाद चालू आहे.

जेथे धरणांचा उपयोग सरला होता, तेथे मात्र निर्णय झाले. एल्व्हा नदीवरील दोन धरणे २०११ ते २०१४ मध्ये काढली. क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२३-२४ मध्ये काढली. क्लॅमथचे काम संपून काही आठवडे होतात न होतात, तोच ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनूक सॅमन धरणांच्या जुन्या जागा ओलांडून वर गेलेले दिसले. शंभरावर वर्षे बंद असलेली वाट माशाने लगेच धरली.

याच समुद्रातील सील खाणाऱ्या ऑर्कांची संख्या मात्र वाढते आहे. १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून सील मारणे बंद केले, सील वाढले आणि त्यांना पोटभर मिळू लागले. एकाच पाण्यात एक घर भरले आहे आणि शेजारचे उपाशी आहे. शेजारच्याचे अन्न समोर असूनही ते त्यांना खाता येत नाही, कारण आजीने ते कधी शिकवले नाही. एकाच पिकावर सारे घर टांगण्यातला धोका तो हाच. आजीची विद्या वाट दाखवते, पण वाटेच्या शेवटी धान्यच नसेल तर ती बिचारी तरी काय करणार?

विष चरबीत मुरते

आणखी दोन गोष्टी सांगून आवरते घेतो. पहिली आवाजाची. ऑर्का कानाने शिकार करतो. जहाजांच्या व हौशी बोटींच्या गोंगाटात त्याला मासा ऐकू येत नाही. म्हणून वॉशिंग्टन प्रांताने जानेवारी २०२५ पासून बोटींना या टोळीपासून हजार यार्ड दूर राहण्याचा नियम केला.

दुसरी गोष्ट थेट आपल्या कामाची आहे. विजेच्या उपकरणांत वापरले जाणारे पी.सी.बी. नावाचे रसायन आणि शेतातले डी.डी.टी. ही विषे पाण्यातून बारीक किड्यांत, त्यांतून माशांत, माशांतून ऑर्काच्या चरबीत जातात व दर पायरीला दाट होतात. पी.सी.बी. अमेरिकेने १९७९ मध्ये बंद केले, तरी ते आजही तेथील ऑर्कांच्या अंगात सापडते. उपाशी मादीची चरबी झडू लागली की विष रक्तात उतरते आणि दुधातून पिल्लाला जाते. पहिलटकरणीचे पिल्लू सर्वांत जास्त विष पिते. आपल्याकडे शेतीसाठी डी.डी.टी. १९८९ मध्ये आणि बी.एच.सी. १९९७ मध्ये बंद झाले. तेव्हा फवारणीचे औषध सांगितल्या मापाने वापरा, रिकामे डबे ओढ्यात धुऊ नका आणि दुभत्या जनावराला फवारलेला चारा मुदतीआधी घालू नका, हे मी नेहमी सांगतो त्यामागचे कारण हेच आहे. आज टाकलेले विष नातवंडांच्या ताटात येते.

घरी करून पाहा

मुलांनो, तुम्हांला एक काम देतो. या रविवारी घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर आजीजवळ वही घेऊन बसा. १९७२ च्या दुष्काळात गावातली कोणती विहीर शेवटपर्यंत आटली नाही, तेव्हा घरात काय रांधले, कोणता रानपाला खाल्ला, बियाणे कशात घालून राखले, जनावरांना काय घातले, हे विचारा आणि लिहून काढा. ऑर्काच्या आजीला लिहिता येत नाही. ती गेली की तिच्या बरोबर वाट जाते. आपल्याला लिहिता येते.

आणि घरातल्या कर्त्या माणसांना एवढेच सांगणे, की त्या वहीत काही कामाचे निघाले, तर एका वाफ्यात तरी ते लावून पाहा. सारे शेत एका पिकाच्या हवाली करू नका.